पदग्रहणवाले नंदेश्वर सर

नंदेश्वर सर जाकीट घालून शाळेत आले की पोट्ट्यांना आनंद व्हायचा. करड्या रंगाचं, खादीचं, वरचं बटण तुटलेलं ते जाकीट सर एकाच कामासाठी घालत. जाकीट म्हणजे आज तालुक्यात कुठेतरी पदग्रहण समारंभ आहे, सर तिथे सूत्रसंचालनाला जाणार आणि दुपारनंतरचा मराठीचा तास बुडणार. परिपाठाला उभी असलेली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची, "जाकीट हाये बे, जाकीट!" आणि त्या दिवशी राष्ट्रगीत जरा जास्तच खणखणीत व्हायचं.

माझी आणि सरांची पहिली भेट झाली ती पण या पदग्रहणावरूनच. मी तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचा. विज्ञान शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दिघोरीच्या पुढच्या एका गावी. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत ओळख करून देताना आपलं मराठी जरा भारदस्त वाटावं म्हणून मी म्हणालो, "आज सकाळीच मी इथे पदग्रहण केलं."

कोपऱ्यात एक बुटके, गोल चेहऱ्याचे गृहस्थ पेरू खात बसले होते. त्यांनी पेरू टेबलावर ठेवला.

"काय केलं तुमी?"

"पदग्रहण."

"कोनी हार घातला?"

"नाही."

"माईक होता?"

"नाही सर."

"समोर लोक बसले होते? आलूपोहे झाले?"

"नाही."

"मंग तुमी रुजू झाले. बसा. पेरू खाता?"

त्यानंतर मधल्या सुट्टीत त्यांनी मला सगळी उतरंड समजावून दिली. शिक्षक, शिपाई, तलाठी रुजू होतात. साहेब लोक पदभार स्वीकारतात. मंत्री शपथ घेतो. राजा सिंहासनावर आरूढ होतो. ज्याला चार लोकांनी मिळून निवडलं आहे आणि ज्याला चार लोकांच्या देखत खुर्चीत बसायचं आहे, तो पदग्रहण करतो.

"आणि जावई?" मी गमतीनं विचारलं.

सरांनी गंभीरपणे विचार केला. "जावई येऊन बसते. त्याच्यासाठी शब्द नाही. लागतही नाही."

वर्गात सरांचं मराठी छापील असायचं. वर्गाच्या बाहेर पाय ठेवला की सर आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत शिरत. पोरांना निबंध शिकवताना म्हणायचे, "शब्दाला कामावर ठेवण्याआधी त्याची मुलाखत घ्या. विचारा, बाबा, तुला काय येतं?" आणि मागच्या बाकावरचा एखादा पेंगत असला की वर्गातसुद्धा त्याच दमात, "काहून रे, झोपून राहिला का?"

ते दिवस सरांच्या भरभराटीचे होते. नुकतेच जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते. गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा उरला. लोक म्हणत, आता विकास दुप्पट होईल. विकासाचं मला माहीत नाही, पण अध्यक्ष मात्र दुप्पट झाले. आधी प्रत्येक संघटनेचा एक जिल्हाध्यक्ष असायचा, आता दोन लागू लागले. त्यांच्याखाली नवे उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, तालुकाप्रमुख. भजनी मंडळ, केशकर्तनवाले, औषधविक्रेते, पेन्शनर, सगळ्यांनी नव्या कार्यकारिण्या केल्या. कार्यकारिणी म्हटली की पदग्रहण आलं आणि पदग्रहण म्हटलं की नंदेश्वर सर. साकोलीपासून पवनीपर्यंत त्यांना मागणी असायची. ते एक पैसा घेत नसत. एक अट मात्र असायची: ज्याचं पदग्रहण आहे त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आधी कळवायचं. "नुसतं बंडूभाऊ चालनार नाही. बंडूभाऊले घरी बसवा, त्याचं खरं नाव पाठवा."

या अटीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही एका समारंभाहून माझ्या मोटारसायकलवर परत येत होतो. दोन्ही बाजूंना बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, धानाची रोवणी चालली होती. मागे बसून सर एकदम म्हणाले, "माझा बाप जिंदगीभर दुसऱ्याच्या बांधीत राबला. गावात सभा झाली का मांडव बांधाले त्याले बोलवत. सभा सुरू झाली का थो मांडवाच्या बाहेर. त्याचं नाव बकाराम. पूर्ण नाव कोनी घेतलंच नाही कवा. 'बक्या' मनत. मून मले माईकवर कोनाचं पूर्ण नाव घेतलं ना, का लय गोड वाटते."

मी आरशातून मागे बसलेल्या सरांकडे पाहिलं. तसे ते म्हणाले, "सांभाळून चालवा जी, समोर म्हैस हाये."

धानगिरणी मालकांच्या संघटनेचं पदग्रहण तालुक्यात अजून लोक विसरलेले नाहीत. मावळते अध्यक्ष छगनशेठ आणि नूतन अध्यक्ष नत्थूशेठ यांचं निवडणुकीपासून बोलणं बंद होतं. छगनशेठला पद सोडायचं नव्हतं, नत्थूशेठनं ते सोडायला लावलं होतं. समारंभाच्या पत्रिका छापायला दिल्या त्या छापखान्याचा सगळा धंदा लग्नपत्रिकांचा. मजकूर कोणीतरी फोनवरून सांगितला. छापखानेवाल्यानं "पदग्रहण" ऐकलं आणि हाताला सवय होती तसं छापलं, "पाणिग्रहण समारंभ". खाली एका बाजूला छगनशेठ, दुसऱ्या बाजूला नत्थूशेठ. वर गणपती. आणि पार तळाशी, बारीक अक्षरात, "आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं!"

पत्रिका वाटून झाल्यावर चूक लक्षात आली. तोवर अर्ध्या तालुक्यात हसू पसरलं होतं. समारंभाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. एका गमत्या माणसानं स्टीलच्या डब्याचा आहेर आणला होता. छगनशेठ रागानं लाल होऊन दारातच उभे. "मी स्टेजवर नाई चढत. माझा तमाशा करून राहिले तुमी लोक." नत्थूशेठ आधीच स्टेजवर बसले होते, पण मान खाली घालून.

सरांनी जाकीट ठीक केलं आणि माईक घेतला.

"बंधूंनो, काही लोक म्हणतात की पत्रिकेत चूक झाली. मी मराठीचा शिक्षक आहे. मला विचारा. पाणि म्हणजे हात. ग्रहण म्हणजे घेणे. पाणिग्रहण म्हणजे हात हातात घेणे. आता सांगा, मावळत्या अध्यक्षानं नव्याचा हात हातात घेऊन त्याला खुर्चीत बसवलं नाही, तर त्या पदग्रहणाला काय अर्थ आहे? छापखानेवाल्याला आपल्यापेक्षा जास्त कळलं. या छगनशेठ, आपण मुलीकडचे समजा."

हशा झाला. त्या हशात छगनशेठही आपल्या नकळत हसले आणि तिथंच ते फसले. लोकांनी त्यांना अक्षरशः उचलून स्टेजवर नेलं. सरांनी दोघांचे हात एकमेकांत दिले आणि म्हणाले, "माझं भाषण होईस्तोवर सोडायचे नाही. सोडले तर अपशकुन."

सरांचं भाषण कधी लहान नसे. त्या दिवशी त्यांनी ते मुद्दाम लांबवलं. सुरुवातीला दोन्ही शेठ दोन दिशांना तोंड करून उभे होते. मग छगनशेठच्या तळव्याला घाम आला. मग नत्थूशेठ हळूच काहीतरी म्हणाले. मग छगनशेठही काहीतरी म्हणाले. मी पहिल्या रांगेत होतो, मला ऐकू आलं. नत्थूशेठ विचारत होते, "हे मास्तर कवा थांबन?" आणि छगनशेठ म्हणाले, "माझ्या वक्ताले त तासभर बोलला होता." निवडणुकीनंतर दोघांचं पहिलं संभाषण ते हे.

त्या समारंभातून लोक हसत घरी गेले. केसरबाईच्या पदग्रहणाला मात्र सुरुवातीला कोणालाच हसू येत नव्हतं.

आमच्या शाळेच्या गावचं सरपंचपद त्या वेळी महिलेसाठी राखीव झालं. सोमाजी नावाचा एक खटपट्या माणूस सरपंच व्हायला टपला होता, त्यानं आपल्या बायकोला, केसरबाईला, उभं केलं. ती निवडून आली, सदस्यांनी तिला सरपंच केलं. केसरबाई सातवी शिकलेली, मोजकं बोलणारी. तिला दिवस गेलेले होते. पदग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या शिपायानं भोंग्यावरून पुकारा केला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, त्यामुळे शब्दातलं "पद" खर्ऱ्यातच राहिलं आणि गावाला ऐकू आलं ते असं, "हो ऽऽ उद्या सकारी अकरा वाजता सरपंचबाईचं ग्रहण हाये हो ऽऽ!"

दुसऱ्या दिवशी मांडव भरला, तालुक्याहून पाहुणे आले, पण केसरबाईचा पत्ता नाही. सरपंचाच्या खुर्चीत पांढरेशुभ्र कपडे घालून सोमाजी बसला होता.

"बाई कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"घरी अडचन हाये, गुर्जी. मायनं निंगू नाई देल्लं. ग्रहण हाये मंते. दोन जीवाची बाई, कशी येईन?" सोमाजीच्या चेहऱ्यावर दुःख शोधूनही दिसत नव्हतं. "घाला हार मलेच. थे काय आन् मी काय, एकच ना?"

पाहुणे घड्याळं बघू लागले. एकजण म्हणालासुद्धा, "चालतं हो, असंच होतं सगळीकडे." सरांनी माईक माझ्या हातात दिला. "तुमी विज्ञानवाले. लोकायले सांगा का आज ग्रहण नाही. मी आलोच."

मी सांगू लागलो. सूर्य, चंद्र, पृथ्वी, सावली. मी जसजसा समजावत गेलो तसतशी लोकांची खात्री पटत गेली की आज काहीतरी नक्कीच आहे. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर ओढून घराकडे निघाल्या.

तिकडे सोमाजीच्या घरी काय झालं, ते पुढे मला केसरबाईनंच सांगितलं. तिची सासू बिजाबाई उंबरठ्यावर ठाण मांडून बसली होती. घरातल्या पाण्यात तुळशीची पानं टाकलेली. केसरबाईला आत बाजेवर सरळ निजवलेलं, चिरायचं नाही, शिवायचं नाही. सर ओसरीवर टेकले.

"मावशी, ग्रहण मणजे काय?"

"गुर्जी होऊन मले इचारता? सूर्याले राहू धरते, थे ग्रहण."

"बरोबर. ग्रहण मणजे धरनं. पन आज सूर्याले कोनी नाही धरलं. आजचं ग्रहण पदाचं हाये. सरपंचकीचं."

बिजाबाई सावध झाली. "मणजे सरपंचकीले कोनी धरलं?"

"धरलं ना."

"कोनं?"

"तुमच्या सोमाजीनं. पांढरे कपडे घालून खुर्चीत बसला हाये."

बिजाबाईनं यावर बराच विचार केला. तिनं निवडणुकीत सुनेसाठी घरोघरी जाऊन हात जोडले होते. "आन् मंग थे सुटन कवा?"

"सूनबाई जाऊन बसली का सुटलं."

"सुटल्यावर आंघोळ करा लागते."

"सोमाजीले घाला," सर म्हणाले.

मी मांडवात चंद्राची कक्षा समजावत होतो तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. पुढे बिजाबाई, तिच्या मागे केसरबाई, त्यांच्या मागे घामाघूम सर. बिजाबाई थेट स्टेजपाशी आली. "ऊठ रे सोम्या! साऱ्या गावाले ग्रहण लावून बसला!"

सोमाजी उठला. अख्खा मांडव हसत असताना बसून राहणं अवघडच होतं. केसरबाई खुर्चीशी आली आणि थबकली. नवऱ्याच्या देखत खुर्चीत कसं बसायचं, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट होता. तिनं सासूकडे पाहिलं. "मले काय पायतं?" बिजाबाई म्हणाली, "बस ना. पाय दुखतीन." ती बसली.

सरांनी माझ्या हातून माईक घेतला. आवाज एकदम घुमला. "सरपंचपद ग्रहण करीत आहेत, श्रीमती केसरबाई, वडील सखारामजी, सासूबाई श्रीमती बिजाबाई!"

स्वतःचं नाव भोंग्यातून गावभर गेलेलं ऐकून बिजाबाई दचकली. तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग सरांच्या जाकिटाची बाही ओढून म्हणाली, "माझं कायले घेतलं गुर्जी?" आणि थोडं थांबून, "आजून एक खेप घे."

सरांनी घेतलं.

सोमाजी त्या दिवसापासून सुधारला असं काही झालं नाही. वर्षभर तो कचेरीत बायकोच्या शेजारी खुर्ची टाकून बसे आणि आलेल्या माणसाशी आपणच बोले. पण रोज दुपारी बिजाबाई नातीला कडेवर घेऊन कचेरीच्या दारातून एक चक्कर मारायची. काही बोलायची नाही, फक्त बघायची. सोमाजीची खुर्ची दर महिन्याला थोडी मागे सरकत गेली. शेवटी ती व्हरांड्यात आली आणि तिथून तो शेतावर जायला लागला.

दुसऱ्यांना असं वाजतगाजत खुर्चीत बसवणाऱ्या सरांना स्वतःला मात्र खुर्ची मिळत नव्हती. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. ज्येष्ठतेनं सरांचा नंबर होता, पण वर कुठेतरी घोडं अडलं. सर प्रभारी मुख्याध्यापक झाले. प्रभारी म्हणजे काम सगळं, पद नाही. सरांनी या शब्दाचाही अर्थ तंतोतंत पाळला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते खुर्चीत बसत नसत. खुर्चीच्या बाजूला प्रयोगशाळेतलं एक स्टूल ठेवून त्यावर बसून कारभार करत. आम्ही सांगून थकलो.

एकदा तपासणीला एक साहेब आले. रिकामी खुर्ची आणि बाजूला स्टुलावर बसलेले सर बघून त्यांना वाटलं, हे लिपिक असावेत. "मुख्याध्यापक कुठे आहेत?"

सर उठून उभे राहिले. आधी खुर्चीकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोक्याकडे. "साहेब, पद तिथं हाये. भार इथं हाये."

साहेबांनी खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला की हसू, ते आम्हाला कळलं नाही. पण बढतीचा आदेश आला तो त्यानंतर बऱ्याच काळानं, सरांच्या निवृत्तीला जेमतेम महिना उरला असताना.

सर म्हणाले, "आता कायले? महिनाभरासाठी खुर्ची गरम करू?" पण गाव ऐकणार नव्हतं. केसरबाईची मुदत तोवर संपलेली होती, तरी सगळा पुढाकार तिनंच घेतला. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. छगनशेठ, नत्थूशेठ एकाच गाडीतून आले. सरांच्या सौभाग्यवती, सुमनताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याच्या कार्यक्रमाला आल्या. "घरी रोज तालीम ऐकते मी," त्या म्हणाल्या, "मून नाटक पायाले कवा आली नाही."

सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. जगातलं सर्वात कठीण काम. सर जाकीट घालून स्टेजवर बसले होते आणि मी तोंड उघडलं की त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी "दीपप्रज्वलन" म्हणालो तर ते सवयीनं उठून माईककडे निघाले. सुमनताईंनी मागून जाकीट धरून बसवलं. पोट्टे खिदळत होते.

मग मी सगळा श्वास एकवटून म्हणालो, "मुख्याध्यापकपद ग्रहण करीत आहेत, श्री. डोमाजी बकारामजी नंदेश्वर!"

टाळ्या वाजल्या. केसरबाईनं हार घातला. सर उभेच राहिले. खुर्ची मागे होती, पण बसायचं त्यांना सुचेना. समोर माईक चालू आहे हे विसरून ते मला हळूच म्हणाले आणि ते साऱ्या मांडवानं ऐकलं, "आजून एक खेप घ्या जी."

मी घेतलं. दुसऱ्यांदा टाळ्या जास्त वेळ चालल्या.

त्या दिवशी सरांनी भाषण केलं नाही. माईकशी आले, "सज्जनहो" म्हणाले, खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाले, "पोहे थंडे होऊन राहिले." तालुक्यातल्या लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वात लहान भाषण.

निवृत्तीनंतर ते भंडाऱ्याला मुलीकडे राहायला गेले. माझीही पुढे बदली झाली. मध्ये ऐकलं की त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला जाऊ जाऊ म्हणता राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी भंडाऱ्याला लागून असलेल्या कारध्याला गेलो होतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वैनगंगेच्या पुलावर वारा खायला गेलो, तर समोरून दोघं येताना दिसली. सुमनताई पुढे, हातात भाजीची पिशवी, अखंड बोलत. त्यांच्या अर्धं पाऊल मागे सर. वाळले होते, गळ्याभोवती पातळ मफलर होता. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तोंडभर हसले. आवाज आला नाही.

"डॉक्टरनं बोलाची मनाई केली," सुमनताई म्हणाल्या. "चांगलं हाये. इतके साल मी ऐकलं, आता थे ऐकतेत. रोज इथवर येतो फिराले. ह्या नव्या पुलाचं अनावरण झालं ना, तवा बी आमी आलो होतो. लय गर्दी होती."

पुलाचं अनावरण. मी पटकन सरांकडे पाहिलं. अनावरण पुतळ्याचं करतात, पुलाचं उद्घाटन. हे त्यांच्या कानावर पडून सुटणं शक्यच नव्हतं. सरांची पावलं थांबली. उजव्या हाताचं बोट वर आलं. भुवया चढल्या.

"काय झालं?" सुमनताई वळल्या.

सर बोट तसंच धरून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग बोट खाली आलं. त्यांनी मान हलवली, काही नाही, काही नाही, आणि पुढे होऊन सुमनताईंच्या हातातली भाजीची पिशवी आपल्याकडे घेतली. सुमनताई पुन्हा बोलू लागल्या. अनावरणाला कोण कोण आलं होतं, कोणाच्या सुनेनं कोणती साडी नेसली होती. सर मान डोलवत ऐकत होते. दोघं कठड्याच्या बाजूबाजूनं भंडाऱ्याकडे चालत गेली.